टम्बलरमधले दगड वाळल्यावर मंद पडतात? आधी धुण्याची जागा तपासा

घरगुती रोटरी टम्बलर म्हणजे दगड, पाणी आणि घासायची पूड घातलेलं बंद बॅरल सतत फिरवून दगड गुळगुळीत करणारं यंत्र. ते वापरणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. चारही टप्पे पूर्ण केले, महिना घालवला, विजेचं बिल भरलं, आणि दगड बाहेर काढले तर चकाकी नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो: कोणती भारीतली पॉलिश पावडर मागवू? माझ्याकडे असे बिघडलेले लॉट नेहमी येत असतात आणि त्यातल्या फार थोड्यांत पावडरीचा दोष निघतो. दोष सापडतो तो दोन टप्प्यांच्या मधल्या वेळेत. मोरीत, ब्रशात, झाकणाच्या खाचेत, नाहीतर दगड ज्या डब्यात पडून होते त्या डब्यात.

खालचं सगळं आपल्याकडच्या गारगोट्यांसाठी आहे: दख्खनच्या काळ्या दगडातून सुटून नदीनाल्यात आणि शेताच्या बांधावर सापडणारे अकीक, कॅल्सिडोनी, जॅस्पर. मोहस् मापावर (खनिजांच्या कठीणतेचं १ ते १० चं माप) यांची कठीणता साडेसहा ते सात. टप्पे नेहमीचेच धरलेत, दरवेळी आधीपेक्षा बारीक ग्रिट, म्हणजे घासायची दाणेदार पूड (आकडा मोठा तितका दाणा बारीक): ६०/९० चं सिलिकॉन कार्बाइड, मग १२०/२२० (पुढे नुसतं २२०), मग ५००, आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं पॉलिश.

लक्षणं

- ओले असताना झकास, वाळले की धुरकट.
- चकाकी आली आहे, पण ट्यूबलाइटखाली तिरपं धरलं की मध्येच दोन-चार लांब ओरखडे.
- खाचांत आणि भेगांत पांढरी किंवा करडी पूड. धुतली तरी वाळल्यावर पुन्हा हजर.
- कडांवर अर्धचंद्राच्या आकाराच्या बारीक खुणा, ज्या ५०० च्या आधी नव्हत्या.
- एकाच लॉटमधले निम्मे दगड चकाकतात, निम्मे नाहीत.
- पांढरे दगड डब्यात ठेवल्यावर पिवळट-तांबूस पडले.
- बॅरल उघडताना फस्स आवाज, झाकण फुगलेलं, कुबट वास.
- झाकणाच्या कडेने पाणी झिरपतं.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्रच दिसतात, कारण मूळ बहुधा एकच असतं: आधीच्या टप्प्याचं काहीतरी पुढच्या टप्प्यात गेलेलं आहे.

एवढाशा कणाने काय होतं?

६०/९० चा मोठा दाणा मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा असतो. पॉलिश पावडरीचा कण साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाएवढा. म्हणजे दोघांत दोनशे पटींहून जास्त फरक. पॉलिशच्या बॅरलमध्ये असे चार दाणे शिरले तर आठवडाभर ते ओरखडे काढत राहतात आणि पावडर ते ओरखडे बुजवू शकत नाही.

इथे बरेच जण म्हणतात की पहिल्या टप्प्यातलं ग्रिट तर फिरून फिरून बारीक झालेलं असतं. खरं आहे, पण जे फिरलं तेच बारीक झालं. दगडाच्या भोकात अडकलेला, झाकणाखालच्या खाचेत बसलेला किंवा बॅरलच्या बाहेरून चिकटलेला दाणा कशाखालीही भरडला गेलेला नसतो. तो पुडीतून काढला तेवढाच धारदार राहतो आणि नेमका तोच पुढे जातो. म्हणून वरवरच्या धुण्याने भागत नाही. आता सगळ्यात सोप्या आणि फुकटच्या तपासणीपासून सुरुवात करू.

ओल्या दगडावर भरवसा नको

पाणी बारीक ओरखड्यांत भरतं आणि पृष्ठभाग तात्पुरता सपाट करतं. त्यामुळे ५०० मधून काढलेला ओला दगडसुद्धा पॉलिश झाल्यासारखा दिसतो. पुढच्या टप्प्यात जायचं की नाही हे ओल्या दगडावरून ठरवलं तर चूक होणारच.

धुऊन झालं की दगड जुन्या सुती कापडावर पसरा आणि पंख्याखाली रात्रभर ठेवा. मग ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. पॉलिशनंतर नळीच्या दोन्ही कडा सरळ आणि स्वच्छ दिसायला हव्यात. ५०० नंतर कडा विरघळल्यासारख्या दिसतात, पण उजेडाचा पट्टा कळतो. २२० नंतर पट्टाही कळत नाही, दगड सगळीकडून सारखा मॅट दिसतो. एखाद्या दगडावर त्या मॅटमध्ये खडबडीत, जाड ठिपके दिसले तर तो आधीच्या टप्प्यातलाच आहे. बाजूला काढा.

मे महिन्यात गच्चीवर वाळत घातले असतील तर तापलेल्या दगडांवर नळाचं गार पाणी ओतू नका. असलेल्या भेगा त्या झटक्याने उघडतात.

भिंगाखाली खुणा वाचा

दहा पटीचं जवाहिऱ्याचं भिंग घ्या. एवढी एकच खरेदी मी सगळ्यांना करायला लावतो. निम्मं निदान त्यातच होतं.

चकचकीत पृष्ठभागावर मोजके, वेगवेगळ्या दिशांना गेलेले सरळ ओरखडे दिसले तर पॉलिशमध्ये जाड ग्रिट शिरलं आहे. धुणं, अवजारं, झाकण बघा.

सगळ्या पृष्ठभागावर सारखीच धुरकट झाक असेल तर दोन शक्यता. एक तर आधीचा टप्पा लवकर आवरला, नाहीतर वर क्षारांचा थर बसला. त्याची परीक्षा पुढच्या भागात आहे.

अर्धचंद्राकृती खुणा म्हणजे दगडावर दगड आपटला. बॅरल कमी भरलं असेल, किंवा धुताना आणि ठेवताना ते एकमेकांवर ओतले गेले असतील. पावडर बदलून या खुणा कधीच जाणार नाहीत.

निम्मे चकाकतात, निम्मे नाहीत, असं असेल तर न चकाकणारे वेगळे करून त्यातल्या एकावर पोलादी चाकूचं टोक ओढून बघा. चरा पडला तर तो दगड अकीक किंवा जॅस्पर नाही, नरम जातीचा आहे. तो पुन्हा या लॉटमध्ये घालायचाच नाही. कितीही फिरवलात तरी कठीण दगडांबरोबर नरम दगड झिजत राहील, चकाकणार नाही.

क्षारांचा थर आहे का?

बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी ही परीक्षा आधी करावी. दख्खनच्या बऱ्याच भागात पाणी जड असतं. गिझर आणि नळाच्या तोंडावर जो पांढरा थर जमतो तोच दगडावर पातळ फिल्मसारखा बसतो. अशा वेळी लोक चांगला पॉलिश झालेला लॉट मागे नेऊन पुन्हा ५०० मध्ये घालतात आणि दोन आठवडे फुकट घालवतात.

एकच दगड घ्या. साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा, बोटाने चोळा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने किंवा आरओच्या पाण्याने खंगाळा आणि वाळवा. चकाकी आली तर दोष पाण्याचा होता. सगळा लॉट असाच धुवा आणि इथून पुढे शेवटचं खंगाळणं कमी क्षारांच्या पाण्याने करा. एसीच्या नळीतून टपकणारं किंवा पावसाचं पाणीही चालतं. चकाकी आली नाही तर दोष दगडाच्या अंगात आहे, पुढे वाचा.

अकीकाला व्हिनेगर काही करत नाही. कॅल्साइट किंवा चुनखडीला मात्र ते खातं, म्हणून ओळख पटलेले दगडच बुडवा. संडास-बाथरूमचं अ‍ॅसिड या कामाला आणू नका. तसा सल्ला देणारे भेटतात, पण बंद बाथरूममध्ये त्याच्या वाफा छातीत गेल्या की चकाकीचं कौतुक राहत नाही.

धुण्याचा क्रम

बहुतेक लॉट इथेच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला नियम: राडा दगडावर वाळू द्यायचा नाही. राडा म्हणजे बॅरलमध्ये तयार होणारा करडा चिखल. त्यात दगडाची बारीक पूड असते आणि ती एकदा भेगेत वाळून बसली की सिमेंटसारखी घट्ट होते. बॅरल उघडायचं ते धुवायला पुरेसा वेळ हाताशी असतानाच. मध्येच कुठे जावं लागलं तर दगड पाणी भरलेल्या बादलीत बुडवून ठेवा. राड्यासकट बंद बॅरल तसंच ठेवून दिलं तर आत वायू साठतो. झाकण फुगणं, फस्स आवाज आणि कुबट वास यामुळेच येतात. फुगलेलं झाकण तोंडापासून लांब धरून हळूच उघडा, आणि पुढच्या वेळी फिरतं बॅरल एक-दोन दिवसांनी उघडून वायू जाऊ द्या.

वीज जाऊन यंत्र बराच वेळ थांबलं तर राडा तळाशी बसतो आणि दगड त्यात रुततात. वीज आल्यावर तसंच सुरू करू नका. बॅरल हाताने उलटसुलट हलवून सगळं मोकळं करा, मग यंत्रावर चढवा.

दुसरा नियम: मोरीत काहीही ओतायचं नाही. राडा पाइपच्या वळणात बसतो आणि दगड होतो. एक घमेलं घ्या, त्यात पाणी भरा, पाण्यात बुडेल अशी प्लास्टिकची जाळीची टोपली ठेवा आणि बॅरल त्यात पाण्याखाली हळूच कलतं करा. कोरड्या स्टीलच्या चाळणीवर धडाधड उलटं केलं की त्याच क्षणी अर्धचंद्र उमटतात. ५०० नंतर तर दगड हाताने उचलूनच घ्यावेत.

मग तीन पाणी. पहिल्या घमेल्यात राडा सुटतो. दुसऱ्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून एकेक दगड ब्रशने घासायचा, भोकं आणि भेगांकडे जास्त लक्ष देऊन. तिसरं पाणी पांढऱ्या टबात घ्यायचं, कारण ते परीक्षेचं पाणी आहे. दगड त्यात दोन मिनिटं हलवा, काढा, पाणी स्थिर होऊ द्या आणि टब कलता करून तळ बघा. काळे चमकदार कण दिसले किंवा बोट फिरवल्यावर करकर लागली तर दुसऱ्या पाण्यावर परत. तळ स्वच्छ दिसेपर्यंत पुढचं ग्रिट उघडायचं नाही.

भेगेतली पूड निघत नसेल तर एक-दोन दिवस साबणाच्या पाण्यात भिजवा, मग दात कोरायच्या लाकडी काडीने उकरा. लोखंडी टाचणी अकीकावर ओरखडा काढत नाही, पण स्वतः झिजून करडी रेघ सोडते, आणि मग ती रेघ म्हणजे राडा की लोखंड या शोधात एक संध्याकाळ जाते.

घमेल्यातला गाळ रात्रभर बसू द्या. वरचं निवळलेलं पाणी बागेच्या कोपऱ्यात ओता. खालचा चिखल ओला असतानाच जाड पिशवीत भरून, तोंड बांधून कचऱ्यात द्या. तो सांडून वाळला तर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. हा दगड म्हणजे सिलिका, आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन बसते. गुजरातेत खंबायतला अकीक कोरडा घासणाऱ्या कारागिरांत सिलिकोसिस हा जुना आणि नोंदलेला आजार आहे. त्यावर इलाज नाही. आपलं घरचं काम थोडं असतं आणि पाण्यात चालतं, म्हणून धोका कमी. तो कमीच राहावा यासाठी कोरडं काहीही उडवायचं नाही, झटकायचं नाही.

ब्रश, चाळणी, फडकं, हात

दगड स्वच्छ धुणारे लोकही ब्रश एकच वापरतात. पहिल्या टप्प्याला वापरलेल्या टूथब्रशच्या केसांच्या मुळाशी ग्रिट बसलेलं असतं, आणि तोच ब्रश पॉलिशच्या आधी फिरवला की आपणच आपल्या हाताने ते पुढे पोचवतो. प्रत्येक टप्प्याला वेगळ्या रंगाचा ब्रश ठेवा. टोपली आणि फडकं निदान दोन-दोन हवीत: एक जोडी २२० पर्यंत, दुसरी त्यापुढे. टॉवेल तर नकोच, त्याच्या फासांतून ग्रिट निघतच नाही. आणि स्वयंपाकघरातली चाळणी एकदा या कामाला आली की पुन्हा पिठाला जायची नाही, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा.

नखांत आणि अंगठीखाली ग्रिट राहतं. पॉलिशच्या दिवशी अंगठी काढून ठेवा. शर्टाची बाहीसुद्धा बदला, हे सांगितलं की लोक हसतात, पण बाही राड्यात बुडालेली असते हे तेच विसरलेले असतात.

बॅरलची कडा आणि झाकण

इथे पैसे लागत नाहीत, फक्त धीर लागतो. झाकण पूर्ण सुटं करा. रबराचं आतलं झाकण, पत्र्याची चकती, नट, वॉशर, सगळं वेगळं. जिथे जिथे रबर रबराला टेकतं त्या खाचेत टूथब्रश फिरवा आणि शेवटी पांढऱ्या कापडाने पुसून कापड बघा. झाकणातून पाणी झिरपण्याचं कारणही इथेच सापडतं. बसायच्या कडेवर एक दाणा राहिला तरी झाकण नीट बसत नाही. लोक नट जास्त आवळतात, त्याने रबर वाकडं होतं आणि गळती वाढते. आधी कडा पुसा, मग बेताने आवळा.

बॅरल बाहेरूनही धुवा. झाकण उघडताना बाहेरचा सुकलेला राडा आत पडतो.

कोणते दगड मुळात पुढे जायच्या लायकीचे नाहीत

पहिल्या टप्प्यानंतर कठोरपणे निवड करा. आपल्या भागातल्या बऱ्याच अकीकांच्या पोटात स्फटिकांची पोकळी असते. दिसायला सुंदर, पण ती पोकळी ग्रिटचं गोदाम असते आणि कोणताही ब्रश तिथवर पोचत नाही. मोठी भोकं, नखाला जाणवणाऱ्या भेगा, काळ्या दगडाचा खरबरीत तुकडा चिकटलेला, असे दगड एकतर पुन्हा ६०/९० मध्ये घाला, नाहीतर कुंडीत ठेवा. एका सच्छिद्र दगडाच्या मोहापायी सगळा लॉट ओरखडलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि तो दगड दरवेळी मालकाचा सगळ्यात लाडका असतो.

बॅरल भरायला आणि दगडांत गादी म्हणून ज्या गोळ्या घालतात त्याही बघा. सिरॅमिकच्या गुळगुळीत गोळ्या नीट धुऊन पुढच्या टप्प्यात चालतात. प्लास्टिकच्या दाण्यांत मात्र ग्रिट रुतून बसतं, ते धुऊन निघत नाही. ज्या टप्प्याला वापरले त्याच टप्प्यापुरते, वेगळ्या डब्यात, नाव घालून ठेवा.

साबणाची फेरी

वरचं सगळं नीट केल्यावरही भेगांत थोडं उरतं. त्यासाठी दगड स्वच्छ बॅरलमध्ये ताज्या पाण्यासह घाला. त्यात साध्या, कमी वासाच्या साबणाचा एक छोटा चमचा कीस किंवा तेवढाच टाकणखार टाका आणि तासभर फिरवा. पाणी करडं झालं तर ओतून पुन्हा एक फेरी. पाणी जवळजवळ नितळ निघालं की झालं. ५०० च्या आधी आणि पॉलिशच्या आधी ही फेरी मी चुकवत नाही. पॉलिशनंतरही केली तर पावडरीचा पातळ थर निघून चकाकी एक पायरी वर जाते.

या फेरीत बॅरल दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरलेलं हवं. अर्ध्या बॅरलात निव्वळ साबणाच्या पाण्यात दगड मोकळेच आपटतात, राड्याची गादी नसते. टाकणखाराची बरणी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि मिठाच्या शेजारी तर अजिबात नको.

दोन टप्प्यांच्या मध्ये दगड ठेवायचे कसे

ठेवावे लागतातच. पहिल्या टप्प्यात दगड बरेच झिजतात, निवडीत काही बाहेर जातात, आणि पुढच्या टप्प्यासाठी बॅरल भरत नाही. मग एकाच टप्प्यातून निघालेले दोन-तीन लॉट साठवून एकत्र करायचे. ही पद्धत बरोबर आहे, बिघडते ती साठवणीत.

ठेवायचे ते पूर्ण वाळवून. पाण्यात बुडवून ठेवले तर काही दिवसांत पाणी वास मारतं, शेवाळ धरतं. काही दगडांतलं लोह सुटून पांढऱ्या कॅल्सिडोनीवर तांबूस डाग चढतो, शेजारी लोखंडी झाकण किंवा खिळा असेल तर लवकरच. असा डाग आत मुरला असेल तर माझं मत आहे की तो तसाच राहू द्यावा. तो काढायची रसायनं विषारी असतात आणि घरात वापरायची नाहीत.

वाळवून ठेवण्याचा दुसरा फायदा म्हणजे राहिलेली पूड कोरड्या भेगेत पांढरी दिसते. ओल्यात ती लपते.

डबा प्लास्टिकचा, झाकणाचा, रुंद आणि उथळ घ्या. आइस्क्रीमचे डबे चांगले. उंच बरणीत खालच्या दगडांवर वरच्यांचं वजन येतं आणि बरणी हलवली की सगळे घासतात. तळाला जुन्या धुवट सुती साडीचा तुकडा टाका. २२० पर्यंतचे दगड एकमेकांवर असले तरी चालतात, ५०० झालेले एका थरात. पॉलिश झालेले एकमेकांना न टेकता, अंड्यांच्या ट्रेमध्ये उत्तम बसतात.

फळीवरही क्रम हवा. ग्रिट खाली पडतं, वर चढत नाही. म्हणून पॉलिशचे दगड आणि पावडर सगळ्यात वरच्या फळीवर, ६०/९० चा पसारा सगळ्यात खाली. उलटं ठेवलेलं कपाट मी बऱ्याच घरांत पाहतो, कारण जाड ग्रिट जास्त लागतं म्हणून ते हाताशी ठेवलेलं असतं.

चिठ्ठी डब्याच्या आत टाका आणि पेन्सिलने लिहा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, शाई पसरते. चिठ्ठीवर तारीख, वजन, दगड कुठून आणले ते, आणि «२२० झालं, धुतलं, साबणाची फेरी बाकी» असं स्पष्ट वाक्य. नुसतं «२२०» लिहिलं की दोन महिन्यांनी ते झालं की करायचं आहे यावर घरात चर्चासत्र भरतं. शंका आलीच तर मागचा टप्पा धरायचा. एक आठवडा जास्त गेला तर दगड थोडे झिजतात, चुकीचा दगड पुढे गेला तर सगळा लॉट जातो.

साठवणीतून काढलेले दगड पुन्हा एकदा तिसऱ्या पाण्यातून काढल्याशिवाय बॅरलमध्ये घालू नका. डब्यात काय शिरलं असेल सांगता येत नाही.

पावडरीची बरणी

आता पावडरीकडे या. ती बहुधा कारखान्यातून बिघडून येत नाही, आपल्याच चमच्याने बिघडते. चिमूटभर पावडर पाण्यात कालवून काचेच्या एका निकामी तुकड्यावर घ्या (कडा घासलेल्या असाव्यात) आणि दुसऱ्या तुकड्याने हलकेच चोळा. आवाज मऊ हवा. करकर ऐकू आली आणि काचेवर सुटे लांब ओरखडे दिसले तर पावडरीत जाड दाणा आहे, फेकून द्या. गाळून वाचवायच्या फंदात पडू नका.

पावडर दुहेरी पिशवीत, स्वतःच्या चमच्यासह ठेवा. ज्या दिवशी ती उघडायची त्या दिवशी ग्रिटच्या बरण्यांना हात लावायचा नाही.

मागे जावं लागलं तर किती मागे

ओरखडे पडलेला लॉट पॉलिशमध्येच आणखी दोन आठवडे फिरवून काही होत नाही. पॉलिश दगड जवळजवळ काढतच नाही, त्यामुळे खोल ओरखडा तिथेच राहतो. सगळं धुऊन ५०० मध्ये परत जा, आठवडा द्या, वाळवून भिंगाखाली बघा. ओरखडे अजून दिसत असतील तर २२०. सगळा लॉट पणाला लावण्याआधी आठ-दहा दगड निवडा, उरलेलं बॅरल स्वच्छ सिरॅमिक गोळ्यांनी भरा आणि चाचणी करा. ती नीट निघाली तर बाकीचे.

तरीही ओरखडे येत असतील तर बॅरलचं रबर तपासा. जुन्या रबरात ग्रिट रुतलेलं असतं आणि ते हळूहळू सुटत राहतं. रिकामं बॅरल फक्त सिरॅमिक गोळ्या आणि साबणाच्या पाण्यावर रात्रभर फिरवा. पाणी करडं निघत असेल आणि दोन-तीन वेळा बदलूनही निवळत नसेल तर ते बॅरल पहिल्या दोन टप्प्यांना ठेवा आणि पॉलिशसाठी नवं घ्या. या सगळ्या यादीतला हा सर्वांत मोठा खर्च आहे, म्हणून शेवटी. पण नवीन यंत्र घेणाऱ्याला मी सुरुवातीलाच दुसरं बॅरल घ्यायला सांगतो.

इथे हात थांबवा

यंत्राच्या सांगाड्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, मोटरला राड्याचं पाणी लागलं किंवा जळका वास आला तर मेन स्विच बंद करून प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. बेल्ट बदलणं, तेलाचा थेंब देणं घरी जमतं. अर्थिंग आणि मोटरची वाइंडिंग हा प्रयोगाचा विषय नाही. ओल्या हाताने आणि ओल्या फरशीवर तर नाहीच.

राडा मोरीत गेला आणि पाणी तुंबलं तर प्लंबर. ड्रेन साफ करायची पावडर ओतू नका. बसलेला राडा हा दगडाचा भुगा आहे, त्या पावडरीने तो विरघळत नाही, आणि पाइप उघडायला येणाऱ्या माणसाच्या हातावर मात्र ते रसायन सांडतं. राडा गेला आहे हे त्याला आधीच सांगा.

दम लागणं, न जाणारा कोरडा खोकला, आणि तुम्ही दगड कापत किंवा कोरडे घासत असाल तर छातीच्या डॉक्टरांकडे जा. छंद काय आहे हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही.

दगड मोठा, एकसंध आणि मोलाचा असेल, भेटवस्तूसाठी ठेवलेला असेल, तर तो टम्बलरमध्ये पुन्हा पुन्हा फिरवण्यापेक्षा दगड कापणाऱ्या-घासणाऱ्या कारागिराकडे द्या. तो चाकावर हवा तेवढाच भाग घासू शकतो. टम्बलर सगळीकडून सारखंच खातो.

ओळख न पटलेला दगड असेल, विशेषतः तंतुमय, गडद हिरवा, लालभडक किंवा हाताला शिशासारखा जड, तर तो ना घासायचा ना फिरवायचा. काही खनिजांत अ‍ॅस्बेस्टॉस, पारा, शिसं किंवा तांबं असतं, आणि ते राड्यात उतरतं. खाणीतून किंवा विहीर खोदताना निघालेले स्टिल्बाइट, अपोफिलाइट या खनिजांच्या स्फटिकांचे झुपके तर कधीच बॅरलमध्ये घालू नका. त्यांची कठीणता साडेतीन ते पाचच्या दरम्यान, अकीकाबरोबर एका दिवसात त्यांचा चुरा होतो, आणि चांगला नमुना संग्राहकांच्या दृष्टीने मोलाचा असू शकतो. जवळच्या महाविद्यालयात भूशास्त्र विभाग असेल तर तिथे दाखवा. उत्तर मिळेपर्यंत तो दगड वेगळ्या डब्यात, कोरडा, चिठ्ठी घालून ठेवा.